माझी पान्यांची पेटी

नव्वदच्या दशकात नाशिकला सिडकोत राहत असताना आमची जुनी फियाट मीच दुरुस्त करायचे. माहेरी वडिलांचं गॅरेज होतं, तिथेच शिकले. लग्नानंतर त्यांनी आपल्या रोजच्या वापरातल्या पान्यांची पेटी मला देऊन टाकली होती.

एका रविवारी बॉनेट उघडलं आणि पेटी आणायला घरात गेले, तर ती पलंगाखाली नव्हती. सासरे पेपर वाचत होते. त्यांना विचारलं.

"काल भंगारवाल्याला दिली," ते मान वर न करता म्हणाले. "बाईमाणसाला पाने लागतात कशाला?"

माझं डोकंच फिरलं. मी दुरुस्त केलेल्या गाडीतूनच हे गृहस्थ दवाखान्यात जात होते! तशीच भंगाराच्या दुकानात गेले. रिकामी पेटी तिथे पडली होती. पाने सकाळीच कुणीतरी नेले होते.

घरी येऊन मी बॉनेट धाडकन आपटलं. "यापुढे गाडी बंद पडली तर तुमचं तुम्ही बघा," असं सासऱ्यांना तोंडावर सांगितलं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, नवे आणू."

सासऱ्यांपेक्षा जास्त राग मला त्याचा आला. नवे पाने माझ्या वडिलांचे कसे होणार होते?

गाडी महिनाभर दारात उभी राहिली. सासरे रिक्षाने फिरले. मला जराही वाईट वाटलं नाही.