लाल पुसायचं, पांढरं नाही

भाकर तव्यावर फुगली आणि दारावर थाप पडली. सुकेशनीनं आधी कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, मग गॅस. सोजरबाईच असणार, नातवाचे फोटो न्यायला.

केनवडात लेकरांचे फोटो काढण्यात सुकेशनीची बारा वर्षं गेली. फ्लॅशनं डोळ्यांत उमटलेला लाल ठिपका ती कॉम्प्युटरवर बोलता बोलता पुसून टाकी. ‘फ्लॅशनं लेकराचे डोये जातेत’ हे बायांचं भ्या मात्र काही पुसता आलं नाही. शेवटी दोन वर्षांखाली तिनं पंज्याएवढे दोन एलईडी लाइट आणले. उजेड मऊ, लेकरू दचकत नाही, आज्या खूश.

काल सोजरबाईच्या नातवाच्या, हरीओमच्या उष्टावणात लाइटांचं चार्जिंग संपलं आणि शेवटचे तीन फोटो फ्लॅशवर काढावे लागले. तिन्हींत आठ महिन्यांच्या त्या पोराचा डावा डोळा लाल होता. उजवा पांढरा. अंधारात मांजरीचा चमकावा तसा.

वाशीमच्या एक डॉक्टरीणबाई नातीचे फोटो काढून घेताना म्हणाल्या होत्या, “लाल पुसत जा. एकच डोळा पांढरा आला, तर पुसू नका, आईबापाला सांगा. कधी काही नसतं. कधी आत गाठ असते, मग ती वाढायची थांबत नाही.”

एलईडीच्या चाळीस फोटोंत हरीओमचे दोन्ही डोळे काळेभोर होते. त्या मऊ उजेडात हे कधी दिसलंच नसतं. डॉक्टरीणबाईंचं ऐकण्याआधीच्या वर्षांत आपण काय काय पुसलं असेल?

थाप पुन्हा पडली.

“अवं, दार उघडाले मुहूर्त पाह्यतं काय? दाखव माया राजाचे फोटो!” सोजरबाई आत आली. मागं सून निकिता, तिच्या कडेवर हरीओम. तो सुकेशनीकडं पाहून हसला. दिवसाउजेडी डोळ्यांत काही म्हणता काही दिसत नव्हतं.

“आजी, काल तीन फोटो फ्लॅशवर काढले मी.”

“बापा! नाई म्हटलं होतं ना तुले? काई झालं काय त्याच्या डोयाले?”

“फ्लॅशनं काई होत नाई. पन त्यात याचा एक डोया पांढरा दिसून राह्यला.”

“तुई मशीनच बिघडली असन.”

“तसंच असलं तं बरं, आजी.”

निकितानं लेकराला छातीशी धरलं. “ताई,” ती हळूच म्हणाली, “उजवीकडून खुळखुळा धरला तं हा पाह्यतच नाई.”

सोजरबाईनं सुनेकडं पाहिलं. मग हरीओमच्या डोळ्यांकडं.

सुकेशनीनं कॉम्प्युटरचा पडदा पुन्हा सुरू केला. तिन्ही फोटो त्यांच्यापुढं उघडले.

“हे तीन फोटो मी पुसले नाईत. असेच घेऊन जा, अन् याले आजच्या आज वाशीमले डोयाच्या डॉक्टरले दाखवा.”