दफनभूमीतला नळ

ओदील पेरोशाँ माझी समोरची शेजारीण. रेल्वे बंद पडली तेव्हा तिच्या नवऱ्याने, रेमोंने, आमच्या गावच्या स्टेशनची इमारत घेतली, खाली कॅफे काढला आणि वर संसार थाटला. तिकिटाच्या खिडकीतून ओदील वाइनचे पेले पुढे करायची. दूध संघाच्या कचेरीतून सुटलो की मी तिथे एक पेला घेऊनच घरी जाई. तीस वर्षे हा क्रम चालला.

पुढे जिल्ह्याने ठरवले की रूळ काढून तिथे सायकलींसाठी डांबरी वाट करायची. मोटार नाही, मोपेड नाही, ट्रॅक्टरसुद्धा नाही. शेतकरी चिडले, कारण गायी त्याच पट्ट्यावरून नेण्याची सगळ्यांना सवय झाली होती. ओदीलने मात्र घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या. रेमोंला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. कॅफेत रोजचे चार म्हातारे उरले होते, आणि त्यांतला एक मी होतो.

गावचे रस्ते आणि गवत सांभाळणारा लूसियाँ तिला चिडवायचा, "सायकलवाले काय पिणार गं तुझ्याकडे? हवा?"

"ढुंगण दुखलं की उतरतील," ती म्हणायची. "उतरले की भूक लागेल. तू तुझं गवत काप."

वाट झाली. ओदीलने झडपांना हिरवा रंग दिला, बारा लोखंडी खुर्च्या आणल्या, सायकली टेकवायला लाकडी घोडा करून घेतला. उन्हाळा लागला आणि सायकलवाले खरोखरच आले. हॉलंडचे, जर्मनीचे, ल्याँ शहरातले. जोडपी, मुलेबाळे, मागे छोटी गाडी जोडून तीत कुत्रा बसवलेले. पण थांबेना कोणी.

कारण साधे होते. आमच्या देशात सायकलने हिंडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की गाव कितीही लहान असो, त्याला दफनभूमी असते, आणि दफनभूमीत फुलांना पाणी घालायला एक नळ असतो. आमची दफनभूमी वाटेला लागूनच, स्टेशनच्या दोनशे मीटर अलीकडे. चढ संपतो तो नेमका तिथे. लोक बाटल्या भरायचे, भिंतीच्या सावलीत स्वतःचा पाव आणि चीज खायचे आणि मग उतारावरून स्टेशनसमोरून सुसाट जायचे. जाताना हात मात्र हलवायचे. "बोंझूर!"

"आज चाळीस बोंझूर आणि दोन कॉफ्या," ओदील मला संध्याकाळी सांगायची. पहिल्या वर्षी ती हे हसत सांगे.

दुसऱ्या वर्षी, जूनच्या सुरुवातीला, ती रेमोंच्या थडग्यावर फुले ठेवायला गेली तर दोन तगडे गृहस्थ थडग्याच्या फरशीवर सॉसेजच्या चकत्या करत बसले होते. तिला पाहून त्यांनी आदराने टोप्या काढल्या आणि एक चकती पुढे केली.

"जिवंतपणी त्याचं टेबल चाललं नाही," ती मला म्हणाली. "आता मेल्यावर त्याचंच टेबल झालंय."

त्याच आठवड्यात ती मेयरकडे गेली. आमचा मेयर झॅक गुत्रो तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तिने त्याला चड्डीत पाहिलेला.

"झॅक, तो नळ बंद कर. फक्त उन्हाळ्यापुरता."

"ओदील, मेलेल्यांच्या फुलांचं पाणी तोडलं तर जिवंत माणसं मला मत देतील का?"

"मग कॅफे बंद झाला की गावात राहील काय? तू आणि तुझा झेंडा?"

"आपलं गाव सायकलवाल्यांचं स्वागत करतं असं पत्रकात छापलंय मी. आता पाणी तोडू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. "रोलाँ, पेचकस आहे का?"

"कशाला?"

"झडपेची बिजागरी ढिली झालीय."

मी दिला. दोन दिवसांनी आईच्या थडग्याला पाणी घालायला गेलो तर नळाच्या वर निळी पाटी दिसली. 'पाणी पिण्यास अयोग्य.' पाटीचा डावा कोपरा उडालेला होता. तो कोपरा मला ओळखीचा होता, कारण लूसियाँच्या गवत कापायच्या यंत्राने तो उडवला तेव्हा मी तिथे होतो. ती पाटी खाली ओढ्याकडच्या जुन्या धुण्याच्या हौदावरची होती. तिथे झऱ्याचे पाणी येते, आणि झऱ्याच्या वर गायींचे कुरण आहे. गावातले कोणी ते पीत नाही. गावातल्यांना पाटीची गरजच नाही.

मी झारी भरली, फुलांना पाणी घातले आणि परत आलो. संध्याकाळी विचारले, "बसली का बिजागरी?"

"बसली," ती म्हणाली, आणि न मागता माझा पेला भरला. पेचकस मी परत मागितला नाही.

पुढचे सात आठवडे मी तिला जशी पाहिली तशी रेमों असतानाही पाहिली नव्हती. तहानलेली माणसे स्टेशनवर थांबू लागली. पाणी मागायची, मग बसायची, मग ऑम्लेट, मग टार्ट. बाराही खुर्च्या भरायच्या. रविवारी मी पाव कापायला आणि लूसियाँ ताटे उचलायला.

"अरे सांभाळून!" ती ओरडायची. "गवत नाही ते!"

"हवा पिणारी माणसं बरीच खातात की गं," लूसियाँ म्हणायचा.

मंगळवारी कॅफे बंद असे. कॅफेला आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवीच, आणि रेमोंच्या काळापासून ती मंगळवारीच होती. जुलैच्या शेवटच्या मंगळवारी ऊन असे होते की डांबर मऊ झाले. ओदील शहरात दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. एक डच कुटुंब चढ चढून आले. नळावर पाटी, कॅफेला कुलूप. ते ओढ्याकडे उतरले. तिथे सावली, दगडी हौद, स्वच्छ दिसणारे थंड पाणी, आणि पाटी नाही. सात वर्षांच्या मुलीने आधी बाटली भरली, कारण सर्वांत जास्त तहान तिला लागली होती. तिचे पाहून बाकीचे भरणार, तेवढ्यात वरून लूसियाँ ओरडला. मुलगी तोवर प्यायली होती.

तिसऱ्या दिवशी मेयरच्या कचेरीत इस्पितळातून फोन आला. मुलगी एकूण आठ दिवस सलाईनवर होती. वाचली.

फोन आला त्याच दुपारी ओदील मेयरकडे निघाली. मी बरोबर गेलो.

"पाटी मी हलवली," ती उभ्यानेच म्हणाली.

गुत्रोने उठून दार लावले. "मी काही ऐकलं नाही. रोलाँ, तुम्हीही नाही."

"मी पाटी काढली, झॅक. पेचकसाने."

"पाटी वाऱ्याने पडली. कोणी भल्या माणसाने उचलून चुकीच्या जागी लावली. तुम्ही असं बोललात तर खटला गावावर येईल, तुमच्या एकटीवर नाही. तुम्हाला गाव बुडवायचंय?"

मी पंचायतीचा सभासद आहे. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

जिल्ह्याची माणसे आली, पाण्याचे नमुने घेऊन गेली. नळाचे पाणी उत्तम निघाले, पाटी हौदावर परत गेली. पण तोवर वाटेच्या नकाशात आमच्या गावावर तांबडी खूण पडली होती, आणि सायकलवाले फोनवरून एकमेकांना सांगत होते की इथे थांबू नका. ते मागच्या गावात बाटल्या भरत, तिथेच जेवत. चुकून कोणी थांबलाच तर विचारी, "कॉफी कुठल्या पाण्याची?" सप्टेंबरात ओदीलने खुर्च्या आत घेतल्या. त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

त्या मुलीच्या आईवडिलांना तिने पत्र लिहिले. मजकूर मला दाखवला. दोन ओळींत सगळे खरे लिहिले होते, दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. पत्ता मेयरकडे होता. तो त्याने दिला नाही, आणि पंचायतीत मी तो मागितला नाही. पत्र तिच्या तिकिटांच्या खणात आहे.

यंदा सायकलवाले पुन्हा थोडे थांबतात. वाटेवरून हाक मारतात, "मादाम, पाणी मिळेल का?" ओदील तिकिटाच्या खिडकीतून बाटल्या घेते आणि स्वयंपाकघरातल्या नळावर भरून देते. बाटली परत देण्याआधी त्याच नळाचा एक पेला त्यांच्यादेखत स्वतः पिते. लोकांना गंमत वाटते. बरोबर लहान मूल असले तर पेला प्यायल्यावरही बाटली हातातच धरून ठेवते. मुलाच्या बापाला पुढच्या गावी पोचायची घाई असते, तो हात पुढे करतो.

"थांबा," ती म्हणते. "पाच मिनिटं थांबा. मला काही होतंय का बघा."