मामांची टाच आणि काळी माती

बीड जिल्ह्यात जमिनीची परवानगी घेऊन पाईप पुरणारा एकच माणूस आहे, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझ्या बायकोचा मामा आहे. तरुणपणी त्यांच्या विहिरीची पाईपलाईन एका पावसाळ्यात काळ्या मातीत खचली, जोड निखळले, आणि मामांचा मातीवरचा विश्वास कायमचा उडाला. तेव्हापासून गोतावळ्यात कुणीही चर खोदला की मामा त्यात पाणी सोडून गारा करतात, धोतर खोचून उतरतात आणि डावा पाय उचलून उजव्या टाचेवर उभे राहतात. टाच रुतली की निकाल लागला. "भुई न्हाई म्हनती. बुजवा!" सासरचं वडीलधारं माणूस, त्यांच्यापुढे कोण बोलणार?

तेलगावजवळच्या माझ्या मोसंबीच्या बागेत मामांनी असे तीन चर नापास केले. परळीच्या वीजकेंद्रातली राख आणून तळाशी पसरली, तर म्हणाले, "राख बी गिळली की हिनं! लई खादाड हाय." मी हिशेब मांडून दाखवला. तुमचे अठ्ठ्याऐंशी किलो चार बोटांच्या टाचेवर येतात. पाण्याने भरलेला पाईप आपला भार लांबवर वाटून देतो, तेवढा मऊ मातीलाही पेलतो. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हिशेब लई ग्वाड हाय, जावईबापू. पर काळी माती शाळंत गेली न्हाई." इकडे बागेच्या खालच्या ओळी पाण्यावाचून वाळत होत्या, आणि बायकोचं एकच, "मामाला दुखवू नका." शेवटी मी वाळलेली झाडं मोजायचंही सोडून दिलं.

यंदा चौथा चर खोदला. मामा नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते, तरी हट्टाने आले, गाऱ्यात उतरले, टाचेवर उभे राहिले. टाच रुतली नाही. त्यांनी पाय बदलून पाहिलं. मग मामा लहान पोरासारखे हसले. "बगा, बगा! भुई राजी झाली! टाका पाईप!"

दवाखान्यात त्यांना काट्यावर उभं केलं तेव्हा मी शेजारीच होतो. सत्तेचाळीस किलो. आता चराच्या काठावरून बायकोने माझ्याकडे पाहिलं. ज्या होकारासाठी मी तीन वर्षं तडफडलो तो कानावर पडला, आणि मला पाईप टाकावासाच वाटेना.

"घट्ट हाय ना, जावईबापू?"

"लई घट्ट, मामा."

त्यांना चरातून वर घ्यायला एरवी दोन गडी लागायचे. या खेपेला मी एक हात पुढे केला, आणि ते अलगद वर आले.