ब्रेकबाई सगळ्यांच्या पुढे

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली ती ब्रेकबाईंनी. हे नाव शिकणाऱ्यांनीच ठेवलेलं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता आणि तो दाबायला त्यांनी कधी मागेपुढे पाहिलं नाही. समोरून सायकल आली, दाब. कुत्रं आळस देत उठलं, दाब. शिकणारा उगाचच खूश दिसला, तरी दाब. वर विचारायच्या, "पोचायचंय की उडायचंय?"

घरात माणसं तीन. बाई, त्यांचा बेकरीवाला नवरा आणि थोरली नणंद. नणंदबाई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, त्यामुळे आता स्वतःच्या बोलण्याला खंड नव्हता.

एका दुपारी दारात घसरगुंडी उभा राहिला. हा बाईंचा जुना शिष्य. चढावर थांबलेली गाडी पुन्हा काढताना ती हमखास मागे घसरायची, म्हणून हे नाव. आता तो पोक्त गृहस्थ झाला होता आणि त्याच्या डोक्यात भलतंच वारं शिरलं होतं. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या विमानतळावर त्याने ट्रॅक बांधला होता आणि स्पोर्ट्स कारच्या शर्यतींची मालिका जाहीर केली होती. पहिलाच हंगाम. पहिली शर्यत तोंडावर आलेली आणि त्याचा सेफ्टी कारवाला घरी पडदे लावताना स्टुलावरून पडून पाय मोडून बसलेला.

"सेफ्टी कार म्हणजे रे काय?" बाईंनी विचारलं.

"ट्रॅकवर अपघात झाला की ही गाडी बाहेर काढायची आणि सगळ्यांच्या पुढे लावायची. साफसफाई होईपर्यंत बाकीच्यांनी मुकाट्याने तिच्यामागून यायचं. ओलांडायचं नाही."

"मग त्याला मीच कशाला?"

"बाई, कोणाच्या हॉर्नला भीक न घालणारं माणूस पाहिजे. तुमच्या शेजारी बसून मी गावभर मागचे हॉर्न ऐकलेत. तुम्ही आरशातसुद्धा बघत नव्हता."

"बघत होते. लक्ष देत नव्हते."

आतून नवरा पिठाचे हात पुसत आला. "घेऊन जा हिला," तो म्हणाला. "हिच्या मागे अडकून पडण्यात काय असतं, ते सगळ्या जगाला एकदा कळू दे."

शेजारच्या सीटवर रेडिओ सांभाळायला आणखी एक माणूस लागायचं. नणंदबाई चपला घालून तयारच होत्या.

पहिल्याच शर्यतीत दोन गाड्या वळणावर एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कोणाला काही लागलं नाही, पण काचा आणि पत्रे इकडेतिकडे पसरले. रेडिओवरून हुकूम आला आणि बाई निघाल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, इंडिकेटर दिला, मग ट्रॅकवर आल्या. बाजारातून भाजी आणायला निघावं तशा. मागे देशातल्या सगळ्यांत वेगवान गाड्यांची रांग लागली. गुरगुरणारी, फुरफुरणारी.

त्यात सर्वांत पुढे होता दातांचा डॉक्टर. पिवळी गाडी, पिवळं हेल्मेट आणि रागाने लाल झालेला माणूस. तो आपल्या लोकांना रेडिओवर ओरडून सांगायचा, ते घसरगुंडीला सांगायचे आणि घसरगुंडी नणंदबाईंना. "डॉक्टर म्हणतायत, टायर गार पडले! जरा जोरात घ्या!"

नणंदबाईंनी निरोप पोचवला. "अगं, त्याचे टायर गारठलेत म्हणे."

"मग स्वेटर घाला म्हणावं."

नणंदबाईंनी तेही जसंच्या तसं पोचवलं. हे बोलणं लाउडस्पीकरवरही जात होतं, ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही. प्रेक्षकांनी हसून मंडप डोक्यावर घेतला.

शर्यत संपल्यावर डॉक्टर तरातरा आला. बाईंना वाटलं, आता हा भांडणार. पण हेल्मेट काढल्यावर त्याचा आवाज खाली आला. "बाई, खरंच सांगतो. टायर गार पडले की रस्ता धरत नाहीत. तुम्ही सोडल्यावर पहिल्याच वळणावर मी भिंतीला भेटलो असतो."

 आपल्या हळू चालण्याने कोणाच्या जिवावर बेतू शकतं, हे बाईंच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या नणंदबाईंना शेजारी बसवून सकाळी रिकाम्या ट्रॅकवर सरावाला जाऊ लागल्या. डॉक्टर दवाखाना उघडण्याआधी यायचा, मागच्या सीटवर अंग चोरून बसायचा आणि शिकवायचा. "ब्रेक वळणाआधी. वळणात नाही. आता दाबा. ब्रेक नव्हे हो! दुसरं, दुसरं!"

आणि एका सकाळी बाईंनी ते दुसरं खरोखर दाबलं. सरळ पट्टीवर गाडी अशी सुटली की पोट मागेच राहिलं. कडेचं गवत हिरव्या रेघेसारखं झालं. वळण आलं, त्यांनी वेळेवर ब्रेक मारला, चाक वळवलं आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी बाहेर पडली. बाईंना हसू फुटलं. ते आवरेचना. डोळ्यांतून पाणी, तोंडातून खिदळणं.

"वन्सं, पाहिलंत? पाहिलंत का तुम्ही?"

"मी डोळे मिटलेत," नणंदबाई म्हणाल्या. "पुन्हा घे. आता उघडे ठेवते."

त्यांनी पुन्हा घेतलं. मग आणखी एकदा. डॉक्टरचा पहिला पेशंट त्या दिवशी बराच वेळ गाल धरून बसला होता म्हणतात.

हंगाम पुढे सरकला तशी गंमतच झाली. सेफ्टी कार बाहेर आली की प्रेक्षक उठून उभे राहायचे. आता मागच्यांची तक्रार नव्हती, उलट बाईंना गाठताना त्यांचाच दम निघायचा. घरी मात्र बाईंचा नवरा म्हणू लागला, "भाजी चिरतेस तीसुद्धा वळणं घेत."

शेवटच्या शर्यतीत डॉक्टर पुढे होता. तो जिंकला असता तर हंगामाचं अजिंक्यपदही त्याचंच होतं. आणि अचानक आभाळ काळवंडलं आणि गारा कोसळल्या. ट्रॅकवर मोती सांडल्यासारखं झालं. गाड्या नाचायला लागल्या. सेफ्टी कार निघाली. टपावर असा ताशा वाजत होता की नणंदबाईंना रेडिओ कानात खुपसून घ्यावा लागला.

गारा काही थांबेनात. शेवटी घसरगुंडीने ठरवलं, शर्यत अशीच संपवायची. "शेवटची फेरी! फेरीच्या शेवटी तुम्ही बाजूच्या गल्लीत वळा. बाकीचे रांगेतच रेषा ओलांडतील. डॉक्टर जिंकला!"

"ऐकलंस ना? डावीकडे वळायचंय," नणंदबाई म्हणाल्या.

"ऐकलं."

शेवटचं वळण संपलं. डावीकडे गल्ली दिसली. समोर रेषा, तिथे चौकड्यांचा झेंडा घेतलेला माणूस, दोन्ही बाजूंना छत्र्या, आणि छत्र्यांखालून ओरडणारी, नाचणारी माणसं. बाईंनी एकदा गल्लीकडे पाहिलं.

"अगं, गल्ली! गल्ली!"

"वन्सं," बाई म्हणाल्या, "घट्ट धरा."

आणि त्या सरळ गेल्या. झेंडेवाला गोंधळला, पण समोर पहिली गाडी आली की झेंडा हलवायचा एवढंच त्याला ठाऊक. त्याने हलवला. नणंदबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि गारा लागत असतानाही तो आत घेतला नाही.

घसरगुंडी धावत आला. "बाई! आत यायचं होतं! चुकलं का वळण?"

"चुकलं नाही. दिसत होतं की चांगलं. मला जावंसं वाटलं, गेले."

त्याने कपाळाला हात लावला, पण हसू त्याच्याही मिशीत मावेना. निकाल काही बदलणार नव्हता. सेफ्टी कार शर्यतीत धरतच नाहीत. डॉक्टर पिवळं हेल्मेट छातीशी धरून आला. "जन्मात पहिल्यांदा जिंकलो," तो म्हणाला, "आणि तेही दुसरा येऊन!"

मग त्याने दोघींना हात धरून विजेत्यांच्या चौथऱ्यावर ओढलं. फेसाळ बाटल्या फुटल्या. बाई नखशिखांत चिंब. नणंदबाईंनी सकाळीच केस काळे केले होते, तो सगळा कलप गालांवरून ओघळून पांढऱ्या ब्लाउजवर उतरला. फोटोवाला म्हणाला, जरा पुसून घ्या. त्या म्हणाल्या, "काढ तसाच!"

आठवडाभराने शर्यतीच्या समितीने बाईंना ताकीद दिली आणि पुढच्या हंगामातली पहिली शर्यत बाहेर बसून पाहायची शिक्षा ठोठावली. बाईंनी ती मान्य केली. त्या शर्यतीला त्या प्रेक्षकांत बसल्या, नवऱ्याने भाजलेले पाव मांडीवर घेऊन. सेफ्टी कार त्यांच्या जागी आलेला एक माणूस चालवत होता.

"हाक की रे बाबा!" बाई उभ्या राहून ओरडल्या. "टायर गार पडतील त्यांचे!"