आत्याच्या ओठावर

मी पोटापाण्यासाठी काय करते, हे आमच्या घरात अजून कुणालाही धड सांगता येत नाही. 'हर्पिस' हा शब्द चारचौघांत काढायचा नाही, असं वडिलांनी मला संशोधनाची नोकरी लागली तेव्हाच बजावलं होतं. त्यांनी तो फोनवर शोधला होता आणि फोननं त्यांना नको ते फोटो दाखवले होते. तेव्हापासून मी 'प्रोटीनवर काम करते'. परिणामी, लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनला असलेल्या माझ्या धाकट्या भावाचे मित्र मला विचारतात, की व्यायामानंतर अंडी खावीत का पनीर. मी अंडी सांगते. शास्त्रज्ञ म्हणून आमच्या गावी, कुसगावात, माझं जे काही नाव आहे, ते त्या अंड्यांवर उभं आहे.

ज्यांच्या पायी माझं तारुण्य गेलं ती प्रथिनं हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी उभी असतात. त्यांचा कारभार आपल्याकडच्या लांबच्या पाहुण्यांसारखा चालतो. जीडी नावाचं एक प्रथिन पेशीच्या दाराशी येऊन ओळख काढतं: तुम्ही अमक्यांचे ना? ओळख पटली की त्याचा आकार जरासा बदलतो आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या जोडीला इशारा पोचतो. ती जोडी तिसऱ्याला, म्हणजे जीबीला, मोकळं सोडते. जीबी घडी उलगडून लांब होतं, पेशीच्या पडद्यात टोक खुपसतं आणि मग उलट दुमडत दोन्ही पडदे ओढून एक करतं. पाहुणा आत. आत गेल्यावर तो आणखी एक चिमुकलं प्रथिन तयार करतो. ते पेशीची अशी वाट बुजवतं, जिच्यातून ती एरवी 'माझ्या घरात चोर शिरलाय' हे बाहेरच्या पहारेकऱ्यांना दाखवत असते. काही विषाणू मग चेतातंतूंवरून वर चढतात, कानापुढे कवटीच्या तळाशी असलेल्या चेतापेशींत जाऊन झोपतात, आणि माणूस थकला, तापला, उन्हात फिरला की खाली ओठावर एक फेरी मारून जातात. जन्मभर. माझ्याकडे हा पाहुणा लहानपणापासून मुक्कामाला आहे. मी ज्याचा अभ्यास करते, त्याची घरमालकीणही मीच.

तर, भावाला मुलगी झाली. बारसं भावजयीच्या माहेरी, टाकवे बुद्रुकला ठरलं. आत्या मी एकटीच. आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानाला तोंड लावायचं, 'कुर्र' करायचं आणि नाव सांगायचं. त्या वेळी मागून बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. लग्न न केलेल्या बाईला आमच्याकडे जे मोजके मान मिळतात, त्यातला हा एक. नाव मी कधीपासून निवडून ठेवलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. ते इथंही सांगत नाही.

बारशाच्या सकाळी घोरावाडी स्टेशनमागच्या माझ्या खोलीत मी आरशासमोर उभी राहिले, तर वरच्या ओठावर फोडांचा घोस आलेला. "आजच?" मी म्हणाले. ज्याला उत्तर देता आलं असतं त्याला स्वतःचं तोंड नव्हतं, होतं ते माझंच. मोठ्या माणसाला याचा त्रास म्हणजे आठवडाभराची लाज. बारा दिवसांच्या बाळाला हाच विषाणू मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाऊन मारू शकतो. मी त्या पोरीला अजून नीट पाहिलंही नव्हतं.

मास्क लावून गेले. अंगणात मांडव, आत पाळणा, पाळण्यात कुंची घातलेला वरवंटा. बाळाच्या आधी निजायचा मान त्याचा. आईनं मला पाहिलं आणि कोपऱ्यात ओढलं.

"तोंडाला फडकं बांधून शुभकार्य व्हतं का कुटं?"

मी मास्क खाली केला.

"एवढंच व्हय? ताप फुटलाय. तूप लाव की."

मी पाळण्याजवळ जाणार नाही, असं मी तिला सांगितलं. का, तेही सांगितलं.

"आमी असल्याच तोंडांनी तुमचे मुके घेतले. मेलात का?"

"मेलो नाही. पण हा माझ्याकडे आला कुठून?"

"सगळं आमच्याकडनंच आलंय तुला," आई म्हणाली. "पगार तेवढा तुजा."

मास्क लावून लांबूनच कुर्र करता आलं असतं, असं कुणाला वाटेल. पण ते बुक्के मी ओळखून होते. नुकतंच भात झोडून आलेले हात होते ते. मागे एका बारशाला आत्याचं कपाळ पाळण्याच्या दांडीवर आपटून टेंगूळ आलं होतं. तिथं मास्क काय टिकणार! म्हणून मी सगळ्यांसमोर, शक्य तितक्या गोड आवाजात जाहीर केलं, की आज मी नाव ठेवणार नाही.

गाणं थांबलं. भावजयीच्या आईनं हातातलं तबक खाली ठेवलं.

"मुलगी झाली म्हणून व्हय? तसं असंल तर सरळ सांगा."

भावजयीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. मला रडू फुटलं. जगातलं दुसरं कुठलंही कारण मी त्या घरात चालवून घेतलं असतं, हे नाही. मी मास्क काढला, ओठावर बोट दाखवलं आणि म्हणाले, "मला हर्पिस आहे."

मांडवात वडिलांना मोठा ठसका लागला. इकडे एका बाईनं तातडीनं फोन काढला. "फोटो बघू नका," मी म्हणाले, "मीच सांगते." आणि सांगितलं. जीडी, जीबी, दाराशी ओळख काढणं, चेतापेशींतली झोप, सगळं. तो बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात असतो, आणि ओठ उठलेल्या माणसाच्या तोंडचं काहीही बाळापर्यंत जाऊ द्यायचं नाही, बाळाचं तोंड पलीकडे वळवून लांब धरायचं, हेही सांगितलं. सकाळपासून बाळाचे सर्वांत जास्त पापे घेणाऱ्या काकूंनी हळूच तोंडाला पदर लावला. आयुष्यात इतक्या शांतपणे माझं व्याख्यान कुणी ऐकलेलं नाही. संपल्यावर पाळण्याची दोरी धरून बसलेल्या म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "म्हंजी ओठ उठल्यालीनं पोरीचा पापा घ्यायचा न्हाई. आगं, मग त्याला एवढं भाषण कशापायी?"

शेवटी भावजयीच्या आईनंच तोडगा काढला. आत्यानं उंबऱ्यापाशी उभं राहून कुर्र करायचं, बुक्के तिथंच खायचे, आणि नाव बाळाच्या आईनं तिच्या कानात सांगायचं. मी मास्क चढवून भावजयीला बाजूला नेलं आणि जपून ठेवलेलं नाव सांगितलं. तिनं मान डोलावली. मग मी उंबऱ्यातून कुर्र केलं, आणि विहीणबाईंच्या गोतावळ्यानं माझ्या पाठीवर सगळा गैरसमज फेडून घेतला. तिकडे भावजय पाळण्यात वाकली, जरा जास्तच वेळ वाकून राहिली, उभी राहिली आणि तिनं नाव मोठ्यानं सांगितलं.

ते माझं नव्हतं. दवाखान्यापासून ती पोरीला जी हाक मारत होती, तेच ते दोन अक्षरांचं नाव. बायकांनी टाळ्या वाजवल्या, घुगऱ्या वाटल्या, फोटो निघाले. चूक माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातच आली नाही, कारण खरं उत्तर फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

निघताना मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "मी सांगितलेलं नाव?"

"ताई," ती म्हणाली, "तुमच्या तोंडचं काईबी पोरीपतूर जाऊ द्यायचं न्हाई, आसं तुमीच म्हणलात ना?"

मी तिच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. ते नव्हतं. मला राग आला, अगदी मनापासून आला. पण ती बाळाला घेऊन माझ्यापासून दोन हात लांब उभी होती, बाळाचं तोंड पलीकडे वळवून, मी मघाशी सांगितलं होतं अगदी तसंच. मी पाऊलभर पुढे सरकले, तशी ती पाऊलभर मागे गेली. त्या अख्ख्या घरात माझा शब्द न् शब्द खरा मानणारं ते एकच माणूस होतं.