राजा मरना नक्को!

आम्ही हायस्कुलातली नाटकवाली पोरं आता आजोबा झालो आहोत. कुठल्या लग्नात दोघं-तिघं भेटलो की पंगत उठते, पानाचं तबक फिरून जातं, मांडववाले खांब उपटायला लागतात, तरी आमचा कोपरा हलत नाही. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याला तीन आठवतात आणि तिसरा म्हणतो, "आरं, तसं नव्हतंच ते!" मागच्या लग्नात माझी सून वैतागून म्हणाली, "मामंजी, एकदा लिहूनच टाका, म्हणजे आम्ही वेळेवर घरी जाऊ." तिच्या सोयीसाठी लिहितो आहे.

आधी माझी ओळख. निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या हायस्कुलात मी सलग तीन वर्षं राणी होतो. हसू नका. चांगली राणी होतो!

आमचे वालूरकर मास्तर मराठी शिकवायचे. बाकीचे सगळे विषय उर्दूतून, त्यामुळे मराठीच्या तासाला घरी आल्यासारखं वाटायचं. मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकच नाटक लिहिलं, 'संगीत दुर्मदपतन'. दुर्मद नावाचा जुलमी राजा, त्याची साध्वी राणी, अंक चार, पदं भरपूर, आणि शेवटी सेनापतीच्या तलवारीनं राजा पडतो. मास्तरांचा सगळा जीव त्या चौथ्या अंकात. "तीन अंक मी लिहिले, चौथा आपोआप आला," असं ते म्हणायचे.

नाटक करायचं तर अमीनसाहेबांची, म्हणजे पोलीस फौजदाराची, परवानगी लागे. साहेबांना मराठी समजे, वाचता येत नसे. म्हणून मास्तर पेटी घेऊन कचेरीत गेले आणि अख्खं नाटक वाचून, गाऊन दाखवलं. राणीची पदं म्हणायला मी होतोच. साहेब पान चघळत, डोळे मिटून ऐकत होते. राजा पडतो ती जागा त्यांनी मास्तरांना पुन्हा वाचायला लावली. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "बहोत खूब! काट दो."

"साहेब, पण राजा दुष्ट हाय!"

"हौ, दुष्ट है. मगर राजा है ना? राजा मरना नक्को, मास्टर. मेरेकू चार बच्चे हैं."

मास्तरांनी वही मिटली. त्यांनाही चार होतेच. आम्ही दारापर्यंत आलो तेवढ्यात मागून हाक आली, "और वो नाम में से पतन बी निकालो. दुर्मद रहने दो."

*

आता राजा मरणार नाही तर नाटक संपणार कसं? सेनापतीनं तलवार उपसलेली, राणी रडते आहे, आणि पुढं काय? मास्तरांनी तीन दिवस डोकं खाजवलं आणि शेवट लिहिला. राजा जांभई देतो आणि झोपी जातो!

साहेब एकदम खूश. "सोने दो. सोने में कुछ हर्ज नहीं."

राजा होता ताडकळसचा मारोती. कुणब्याचं पोर, आडवातिडवा देह, आवाज असा की पेटीचं झाकण थरथरावं. गाणं मात्र शून्य. म्हणून दुर्मदाच्या वाट्याला एकही पद नव्हतं, नुसत्या आरोळ्या. मारोती मॅट्रिकला पुन्हापुन्हा बसत असल्यानं आम्हाला राजा कधी बदलावा लागला नाही. निजामाच्या खालोखाल आमच्याकडं त्याचंच राज्य टिकलं.

पहिल्या प्रयोगाला तो पहाटेच ताडकळसहून पायी निघून आलेला. शेवटी जांभई दिली, सिंहासनावर मान टाकली, पडदा पडला. हेडमास्तर आभाराला उभे राहिले, पडदा पुन्हा वर गेला, तर महाराज तसेच! मी राणी या नात्यानं चिमटे काढले, पण ढिम्म. हेडमास्तर आभार मानतायत आणि मागून घोर्र, घोर्र! अमीनसाहेब शेजाऱ्याला म्हणाले, "क्या ॲक्टिंग करता है छोकरा!"

*

परवान्यात आणखी दोन अटी होत्या. खेळ दिवसाउजेडी संपवायचा आणि प्रेक्षकांतून एकही नारा नको. नारा कसला, असं मास्तरांनी विचारलं. साहेब म्हणाले, "जमाव में जो बी चिल्लाए, वो नारा."

"मग वन्समोर?"

"वो बी नारा."

आता सांगा, संगीत नाटक आणि वन्समोर नाही! मिठावाचून पिठलं! पण गाव हुशार. माझं दुसऱ्या अंकातलं पद संपलं आणि मांडवात कोणीतरी खोकलं. मग दुसरा खोकला. मग अख्खा मांडव! पेटीवाल्यानं ओळखलं, पुन्हा सूर धरला आणि मी पुन्हा गायलो. तेव्हापासून आमच्याकडं खोकला म्हणजे वन्समोर. बाहेरगावचा पाहुणा मात्र घाबरायचा, गावात साथ आली की काय म्हणून.

साहेबांना हे कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या वर्षी माझं पद संपलं तर पहिला खोकला पहिल्या रांगेतून आला, साहेबांचा! मी हरखलो. पुन्हा गायलो. पुन्हा खोकले. पुन्हा गायलो. मग घसा बसत आला, पदर घामानं भिजला, तरी साहेब खोकतायतच. सिंहासनावरून मारोती हळूच म्हणाला, "आज अंक सरतो का न्हाई रं?"

विंगेतून मास्तर डोळे मोठे करून म्हणाले, "गा! हुकूम हाय!"

शेवटी शिपायानं धावत जाऊन साहेबांना खडीसाखर आणून दिली, तेव्हा कळलं. साहेबांना चार दिवसांपासून खराखुरा खोकला झाला होता! दुसऱ्या दिवशी साहेबांनी मास्तरांना गाठून विचारलं, "मास्टर, नाटक तो अच्छा है, मगर वो एकच गाना इत्ता लंबा कायकू रखे?"

*

तिसऱ्या वर्षी मारोतीचे वडील पहिल्यांदा नाटकाला आले. साधा माणूस, नाटक कशाला म्हणतात ते ठाऊक नाही. पोरगं राजा झालंय एवढं ऐकून बैलगाडी जुंपून आलेले. पोराच्या डोक्यावर मुकुट बघून शेजाऱ्यापाजाऱ्याला सांगत होते, "आमचा मारोती हाय त्यो."

दुसऱ्या अंकात दुर्मद हुकूम सोडतो, "सारा न भरणाऱ्या शेतकऱ्याचे बैल सोडून आणा!" मारोतीनं नेहमीची आरोळी ठोकली मात्र, वडील ताडकन उठले. "आरं मारोत्या! तुझ्या बापाचेबी नेतूस का काय? त्या बैलांवर तर शिकायलास की रं, भाड्या!"

मांडव चिडीचूप. नारा झाला होता! सगळ्यांच्या माना साहेबांच्या खुर्चीकडं वळल्या. साहेबांनी शांतपणे मिशीवरून हात फिरवला. "बैठो. बाप है. बाप चिल्लाया तो नारा नहीं होता."

राजा मात्र त्या दिवशी बापाकडं न बघताच सगळे जुलूम करत होता.

*

मग सत्तेचाळीस साल आलं आणि सगळं विस्कटलं. कोणी निजामाच्या सरहद्दीपलीकडं गेलं, कोणाला घरच्यांनी शेतावर लपवलं. हायस्कूल ओस पडलं. नाटक कुठलं! मास्तर एकदम थकल्यासारखे दिसू लागले. एकदा ओट्यावर बसलो असताना मला म्हणाले, "माझं काही मागणं न्हाई रे. फक्त चौथा अंक एकदा लिहिला तसा उभा राहिलेला बघायचा हाय. लिहिणाऱ्यानंच आपलं नाटक पुरं बघू न्हाई, यापरीस वाईट काय?" मला फार वाईट वाटलं.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात राज्य बदललं. हिवाळ्यात हायस्कुलाचं संमेलन ठरलं. परवाना नको, अटी नकोत, चारही अंक लिहिले तसे करायचे! मारोती मॅट्रिकला होताच. मला मात्र मिशी फुटली होती आणि आवाज घोगरा झाला होता, म्हणून मी सेनापती झालो. ज्याची तीन वर्षं बायको होतो, त्याच्याच छातीत तलवार घालायची वेळ आली!

तालमी संपल्या तेव्हा मास्तर मला म्हणाले, "चल, परवानगी घेऊन येऊ."

"कोणाची?"

मास्तर सरळ अमीनसाहेबांच्या घरी. साहेबांची वर्दी गेली होती. त्या दिवसांत ते घराबाहेर पडत नसत. निजामाच्या माणसांवर गावोगाव सूड उगवला जात होता आणि आम्हाला त्याची लाज वाटत होती. दार अर्धंच उघडलं. साहेब म्हणाले, "अब मैं कौन, मास्टर?"

"तुमी न्हाई तर कोण? माझं नाटक पुरं ऐकलेला माणूस या गावात दुसरा कोण हाय, सांगा."

प्रयोगाच्या दिवशी मास्तर स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आले आणि पहिल्या रांगेत, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलं. साहेब मान खाली घालून बसले. तीन अंक झाले. पदं झाली. इतक्या वर्षांची सवय, लोक वन्समोरला खोकतच राहिले.

चौथा अंक उभा राहिला. मी तलवार उपसली. मारोतीनं जांभई दिली नाही. मी वार केला आणि तो सिंहासनावरून असा कोसळला की फळ्या हादरल्या, मुकुट घरंगळत साहेबांच्या पायापाशी जाऊन थांबला.

टाळी नाही. खोकला नाही. अख्खा मांडव श्वास धरून त्या खुर्चीकडं बघत होता. विंगेत मास्तर पडद्याच्या दोरीला धरून उभे, चेहरा पांढराफटक.

साहेबांनी वाकून मुकुट उचलला. उठून उभे राहिले. घसा साफ केला आणि मांडव दणाणेल अशा आवाजात ओरडले, "वन्समोर!"

मेलेल्या मारोतीनं एक डोळा उघडून विंगेकडं पाहिलं. "मास्तर, पुन्यांदा मरू का?"

मास्तर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. "मर बाबा, मर. साहेब म्हणायलेत!"