डोक्यावर पदर नसताना

वडील भोपाळच्या सरकारी कारखान्यात लेथ मशीनवर होते. एका सकाळी काम करता करताच त्यांचं हृदय बंद पडलं. मी तेव्हा आठवीत होते, बहीण तिसरीत. महिन्याभरात कारखान्याचं पत्र आलं: घरातल्या एकाला नोकरी मिळेल, नाहीतर क्वार्टर सोडावं लागेल. काका नगरहून आले ते आम्हाला गावी न्यायच्या तयारीनेच. आई मात्र म्हणाली, "मी जाते कामावर."

मला खरं तर हसू आलं. वडिलांशिवाय आई कधी बाजारातसुद्धा गेली नव्हती, आणि तिच्या हिंदीला भाजीवालीही तोंडाला पदर लावून हसायची. त्या वयात मला सगळ्यांबद्दल सगळं कळायचं. चार दिवसांत परत येते बघ, असं मी बहिणीला सांगून टाकलं.

तिला हेल्परचं काम मिळालं, तेही वडिलांच्याच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्याच विभागात. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. कामाला हात लावण्याआधी तिने डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटले. आम्ही ख्रिस्ती; आमच्यात उघड्या डोक्याने बाई प्रार्थना करत नाही. चहाबरोबरच्या बिस्किटासाठी देवाचे आभार मानायचे तरी मी आधी ओढणी शोधायची. पण शेजारी लेथ फिरत होता. फोरमनने धावत येऊन तिला मागे ओढलं आणि सगळ्यांसमोर झापलं. पदर त्यात गेला असता तर तीही गेली असती. मग साडीवर खाकी कोट, पदर आत खोचलेला आणि डोक्यावर घट्ट टोपी, असा तिचा वेश ठरला.

आईने त्यातून एवढाच अर्थ काढला की तिथे देवाचं नाव घ्यायचं नाही. ती घरून प्रार्थना करून निघायची, पण भीती तिला गेटच्या आत भेटायची. वडील जिथे पडले ती जागा तिला उभ्या जागेवरून दिसायची. डबा भरलेलाच परत यायला लागला. दुसऱ्या शनिवारी ती म्हणाली, "नाही होत माझ्याच्याने. सोमवारी राजीनामा लिहून देते." मी आमची पुस्तकं बांधायला काढली. माझंच खरं ठरलं होतं, आणि मला रडू येत होतं.

रविवारी दुपारी चर्चमधून आलो तर फोरमन दारात उभे. वडिलांच्या वयाचे, गोविंदपुऱ्याला राहणारे, पाच वेळा नमाज पढणारे गृहस्थ. आईने मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"भाभी, डाँटा तो पल्लू की वजह से था," ते म्हणाले. "दुआ से किसने रोका? टोपी है ना सर पे. हम भी तो टोपी पहनकर ही पढ़ते हैं."

आई मला म्हणाली, "चहा टाक." सोमवारी ती कामावर गेली, आणि संध्याकाळी डबा रिकामा आला. याहून जास्त तिने काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. पूजा आमची नव्हती, पण मला वडिलांचं मशीन बघायचं होतं. ते हिरवं धूड आमच्या स्वयंपाकघरापेक्षा लांब होतं. त्याच्या शेजारच्या खुंटीला आईचा कोट लटकत होता. मला कळेना. फोरमन जवळ आले.

"इस मशीन पे कोई खड़ा होने को तैयार नहीं था, बेटा. सब डरते थे. तेरी मम्मी उस सोमवार को आई और खुद बोली, मुझे यहाँ लगा दो."

मी आईकडे बघतच राहिले. रोज पोळ्या लाटणारी, वीज कडाडली की आम्हाला कवटाळून बसणारी ही बाई पाच महिने त्या जागेवर उभी होती आणि घरी येऊन माझ्या वेण्या घालत होती. देव कुठेतरी उंचावर असतो असं मला वाटायचं. त्या दिवशी तो मला तेलाच्या वासात, आईच्या अगदी शेजारी उभा असल्यासारखा वाटला, आणि मला त्याची भीतीही वाटली.

"तुला इथे भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते की. रोज सकाळी वाटते," आई म्हणाली. "ती वाटली की मी देवाला हाक मारते. मग तुझे बाबा इथे एकटे पडले नव्हते, हे मला पटतं."